लेखणीशेजारची वाटी

साहित्यिकांची चरित्रे, आठवणी आणि मुलाखती चाळताना एक विसंगती जाणवत राहते. लेखक लिहिताना काय पितो आणि काय ओढतो, याची नोंद भक्तिभावाने केलेली असते. चहाचे किती पेले लागत, विडी कोणत्या बोटांत धरली जाई, तपकिरीची डबी मेजाच्या कोणत्या कोपऱ्यात असे, हे चरित्रकार आवर्जून सांगतो. त्याच मेजावर वाटीभर फुटाणेही होते काय, याविषयी मात्र तो मौन पाळतो. वास्तविक ज्याने म्हणून सलग दोन तास लेखन केले आहे, मग ते कथालेखन असो, मंडळाचे वार्षिक इतिवृत्त असो वा व्याह्यांना धाडावयाचे अवघड पत्र असो, त्याला ती वाटी ठाऊक आहे. डावा हात तिच्याकडे जातो, चार दाणे तोंडात पडतात, उजवा हात लिहीत राहतो. मन विचलित होऊ नये म्हणून माणसे असे काही चघळत बसतात. हा अनुभव इतका सार्वत्रिक असताना साहित्यविचारात त्याला जागा का मिळू नये, आणि ती दिली तर लेखनाविषयी आपल्याला काही नवे कळते काय, असे दोन प्रश्न येथे विचारावयाचे आहेत.

या विषयाला गंभीरपणे हात घालणारा निबंध म्हणून इंग्रज कवी स्टीफन स्पेंडर याच्या ‘द मेकिंग ऑफ अ पोएम’ या १९४६ सालच्या लेखाकडे पाहावे लागते. काव्यरचनेला लागणारी एकाग्रता ही गणित सोडवताना लागणाऱ्या एकाग्रतेहून निराळी असते, असे सांगून तो कवींच्या चमत्कारिक सवयींकडे वळतो. शिलरला मेजाच्या खणात कुजक्या सफरचंदांचा वास हवा असे, वॉल्टर डी ला मेअरला धूम्रपानावाचून लिहिता येत नसे, ऑडनला चहामागून चहा लागे, आणि स्वतः स्पेंडरला कॉफी व सिगारेट. असे का व्हावे, याची दोन उत्तरे तो देतो. पहिले असे की, मन एकाग्र होऊ लागले की शरीर काही ना काही कुरापत काढून त्याला विचलित करू पाहते. ही विचलित होण्याची गरज एखाद्या ठरावीक वाटेने वाहू दिली, तर बाहेरच्या इतर व्यत्ययांना शिरकाव मिळत नाही. दुसरे असे की, कविता लिहिताना आपल्याला देह आहे याचाच कवीला विसर पडतो, देहमनाचा तोल बिघडतो, आणि तो सावरण्यासाठी एखाद्या इंद्रियसंवेदनेचा नांगर टाकून ठेवावा लागतो.

दुसरे उत्तर अधिक काव्यमय आहे, आणि म्हणूनच ते अधिक उद्धृत होते. मला पहिलेच खरे वाटते. नांगराच्या उपमेत कवी हा खोल समुद्रात निघालेला प्रवासी ठरतो. त्याला भीती असते ती फार दूर वाहत जाण्याची. आपल्यापैकी बहुतेकांची अडचण नेमकी उलट असते. आपण किनाराच सोडत नाही. तिसरे वाक्य लिहून होताच दारावरची बेल वाजल्यासारखे वाटते, गॅलरीतले कपडे वाळले असतील असे आठवते, आणि एखाद्या शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ आत्ताच्या आत्ता शब्दकोशात पाहिले पाहिजे अशी निकड भासू लागते. देहाचा विसर पडावा, ही चैन फारच थोड्यांना लाभते. स्पेंडरने पहिल्या उत्तरावर आणखी दोन परिच्छेद खर्च केले असते, तर त्याला चहा-कॉफीच्या पलीकडे जाऊन बिस्किटांपर्यंत पोहोचावे लागले असते.

तो तेथे पोहोचत नाही, आणि त्याच्या यादीतील ही उणीव बोलकी आहे. या यादीत खाद्यपदार्थ नावाला एकच आहे, तो म्हणजे शिलरचे सफरचंद. आणि तेही खाण्यासाठी नव्हते. ही हकिकत गटेने १८२७ साली एकरमानला सांगितली. शिलर घरी नसताना गटे त्याच्या मेजाशी बसला होता. खणातून येणाऱ्या उग्र वासाने त्याला भोवळ यायची वेळ आली, आणि शिलरच्या पत्नीने खुलासा केला की या वासावाचून ह्यांना लिहिता येत नाही. बाल्झाकने तर १८३९ साली आधुनिक उत्तेजक पदार्थांवर स्वतंत्र प्रबंधच लिहिला. मद्य, साखर, चहा, कॉफी आणि तंबाखू या पाचांचा त्यात विचार आहे, आणि कॉफीच्या प्रकरणात रिकाम्या पोटी घेतलेली दाट कॉफी कल्पनांना कशी फौजेसारखी रणांगणावर उतरवते, याचे वर्णन आहे. ‘रिकाम्या पोटी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रतिभेला उपाशीपण शोभते. धूर, धुंदी, जागरण, जळजळ यांतून कलावंताची जी मूर्ती घडते, तिच्यात कुरकुरीत असे काही बसत नाही. वयाच्या ५१ व्या वर्षी मरण पावलेल्या बाल्झाकची कॉफी दंतकथा होऊ शकते. फुटाण्यांची दंतकथा होत नाही, कारण फुटाण्यांनी कोणी झिंगत नाही आणि सहसा कोणी मरतही नाही.

लेखनाकडे धुंदी म्हणून न पाहता रोजचे काम म्हणून पाहणाऱ्या लेखकांकडे वळले की चित्र पालटते. अगाथा ख्रिस्तीची स्नानाच्या टबात सफरचंदे खात कथानके रचण्याची सवय प्रसिद्ध आहे. ही सफरचंदे ताजी होती आणि ती चावून खाण्यासाठी होती. तिने आपल्या कादंबऱ्यांत अरिआदने ऑलिव्हर नावाची एक रहस्यकथाकार स्त्री निर्माण केली. ही बाई विसरभोळी, बडबडी, केसांच्या नवनव्या रचनांत रमणारी, आपण जन्माला घातलेल्या फिनिश गुप्तहेराला कंटाळलेली, आणि अखंड सफरचंदे खाणारी आहे. १९५२ सालच्या ‘मिसेस मॅगिन्टीज डेड’मध्ये तिचे आगमनच मुळी असे होते की, तिच्या मोटारीतून भिरकावलेला सफरचंदाचा गाभा रस्त्याने चाललेल्या पॉयरोच्या गालावर येऊन आदळतो. प्रतिभावंताची एवढी उघड थट्टा करण्याचे धैर्य स्वतः लिहून पोट भरणाऱ्या लेखिकेलाच होऊ शकते. पुढे १९६९ सालच्या ‘हॅलोवीन पार्टी’त पाण्यात तरंगणारी सफरचंदे दातांनी पकडण्याच्या खेळाच्या बादलीत एका मुलीला बुडवून मारले जाते, आणि श्रीमती ऑलिव्हर यांच्या मनातून सफरचंद कायमचे उतरते. खून कसा झाला यापेक्षा लेखिकेची चघळण्याची वस्तू हिरावली गेली, ही गोष्ट मला त्या कादंबरीत अधिक भेदक वाटली. साधी सवय एवढ्या बारकाईने कथेत विणणारी दुसरी लेखिका चटकन आठवत नाही.

स्पेंडरच्या पहिल्या उत्तराला मराठीत एक नेमका शब्द आहे, तो म्हणजे चाळा. हाताचा चाळा, पायाचा चाळा, तोंडाचा चाळा. विचार करताना जानव्याशी खेळणारे बोट, व्याख्यान ऐकताना हलणारा पाय, पोथी ऐकता ऐकता वळल्या जाणाऱ्या वाती, ही सारी एकाच कुळातली मंडळी. चाळ्याला हेतू नसतो, त्याला पूर्ण करावयाचे असे काही नसते, आणि त्यात मन गुंतत नाही. तरी तो थांबवला तर मन अस्वस्थ होते. घरातल्या चुळबुळ्या पोराच्या हाती चमचा-वाटी देऊन आईने पोळ्या लाटाव्यात, तसे लेखक स्वतःमधल्या चुळबुळ्या भागाच्या हाती काहीतरी देतो आणि उरलेल्या भागाने लिहितो. म्हणून लेखनात या खाण्याची जागा कोठे येते, हे पाहण्यासारखे आहे. वाक्य चालू असताना हात वाटीकडे जात नाही. तो जातो पूर्णविरामानंतर, पुढच्या वाक्याचा पहिला शब्द सुचण्याआधी. नेमक्या याच फटीत माणूस खुर्चीवरून उठतो, आणि एकदा उठला की अर्धा तास परतत नाही. वाटीतले चार दाणे ही फट बुजवतात. ते चावून संपायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच सुटी मिळते.

याचा अर्थ कोणताही खाद्यपदार्थ या कामी चालतो असे नाही. येथे अनुभवाने मते कडवी होतात, माझीही आहेत. लाडू चालत नाही. तो एकदा हातात घेतला की संपवावा लागतो, आणि संपल्यावर दुसरा घ्यावा की नाही हा नैतिक प्रश्न उभा राहतो. बेळगावचा कुंदा स्वर्गीय खरा, पण त्याला चमचा लागतो आणि डोळे मिटावे लागतात. ग्वाल्हेरकडची गजक हिवाळ्यात मोहात पाडते. तिचे कण मात्र कागदाच्या घडीत शिरतात. गोव्याचे सालीसकट भाजलेले काजू हे उत्तम उदाहरण ठरले असते, पण साल काढायला दोन्ही हात लागतात. इंदुरी शेव बोटांना तिखट-तेलाचा लेप देते, आणि मग कागदावर तिचा ठसा उमटतो. बडोद्याच्या लिल्या चिवड्याचे आणि एकूणच साऱ्या चिवड्यांचे दुखणे निराळे. त्यात वैविध्य असते. माणूस बेदाणा शोधू लागतो, मग खोबऱ्याचा काप, मग काजूचा तुकडा, आणि थोड्याच वेळात सारी शोधक बुद्धी वहीकडून वाटीकडे वळलेली असते. ज्या पदार्थात निवडीला वाव आहे, तो लेखनाला घातक. म्हणून कोरडा, एकजिनसी, लहान दाण्यांचा आणि फार चविष्ट नसलेला पदार्थ या कामी उत्तम. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, साधे चुरमुरे. चव पुन्हा पुन्हा तीच असावी, म्हणजे तिच्याकडे लक्ष जात नाही.

या खाण्याने मेंदूला ताकद मिळते आणि म्हणून लक्ष लागते, असे एक समर्थन अलीकडे सर्रास ऐकू येते. ते फारसे टिकत नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असून शरीर विश्रांत असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, हे खरे. परंतु कठीण विचार करताना त्यात पडणारी भर अल्प असते. मनोनिग्रह केल्याने रक्तातील साखर खर्ची पडते आणि गोड घेतल्याने तो परत येतो, असा दावा २००७ साली अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांनी केला होता. मनोनिग्रह वापराने आटतो, ही त्यामागची मूळ कल्पनाच २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक व्यक्तींवर तपासून पाहिली, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. तेव्हा समोशाला पोषणाचे कारण देऊ नये. तो मागवावयाचा तर मागवावा.

चाळ्याची ही उपयुक्तता लेखनाच्या सर्व अवस्थांना सारखीच लागू पडते काय? येथे गजानन माधव मुक्तिबोध यांची आठवण होते. १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे मराठी घरात जन्मलेला हा कवी हिंदीचा झाला, आणि त्याचे बंधू शरच्चंद्र मराठीत राहिले, हे आपल्या वाचकांना सांगणे नको. विडी ओढणाऱ्या मुक्तिबोधांचे छायाचित्र हिंदी साहित्यविश्वात जवळजवळ मूर्तीसारखे पुजले गेले आहे. येथेही पुन्हा धूरच. पण त्यांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’ या १९६४ सालच्या पुस्तकातील ‘तीसरा क्षण’ या लेखात कलानिर्मितीचे जे तीन क्षण सांगितले आहेत, ते आपल्या प्रश्नाला उपयोगी पडतात. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनाचित्र होऊन डोळ्यांपुढे उभा राहण्याचा. तिसरा, त्या चित्राला शब्दरूप देण्याची प्रक्रिया सुरू होऊन ती पूर्णत्वास जाण्याचा. नावाने तिघेही क्षण असले, तरी तिसरा हा क्षणभराचा नाही. तो तास, दिवस, कधी वर्षे चालतो. स्पेंडरचा नांगर पहिल्या दोन क्षणांसाठी असेल. पहिल्या क्षणात कोणाला भूक लागत नाही, दुसऱ्यात कोणी वाटी भरून घेत नाही. वाटी तिसऱ्या क्षणाची सोबतीण आहे, आणि साहित्यविचाराने तिसऱ्या क्षणाला नेहमीच सावत्र वागणूक दिली. लेखन म्हणजे पाहणे आणि भोगणे, असे मानले की बसणे विसरले जाते.

आपल्या काव्यशास्त्रातही हेच झाले आहे, आणि तेही मोठ्या गमतीने. खाण्याच्या रूपकाला तेथे मुळीच तोटा नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची कल्पना स्पष्ट करताना नाना व्यंजनांनी युक्त अन्न चाखणाऱ्या सुमनस पुरुषाचा दृष्टांत येतो. अभिनवगुप्ताने तर रसाच्या आस्वादाला ‘चर्वणा’ हाच शब्द वापरला. परंतु ही चर्वणा रसिकाची आहे. कवी रांधतो, रसिक चघळतो. मराठीनेही हीच व्यवस्था पुढे चालवली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १९१० साली आपल्या अठरा विनोदी लेखांना ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ म्हटले आणि पुढे बत्तीस लेखांचा ‘सुदाम्याचे पोहे’ वाचकांपुढे ठेवला. पोहे आणणारा सुदामा, खाणारा द्वारकाधीश. ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला, आणि तेव्हापासून दिवाळी अंकाला आपण साहित्यिक फराळ म्हणत आलो आहोत. इंदूर-बडोद्याच्या घरांत पार्सलाने आलेला अंक चकली मोडत वाचला जातो, पानांवर तुपाचे डाग पडतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वाचकाने खावे. पु. ल. देशपांड्यांचे ‘माझे खाद्यजीवन’ घ्या वा दुर्गाबाई भागवतांचे ‘खमंग’ घ्या, खाणे हा मराठी लेखनाचा विषयही सन्मानाने झाला आहे. लेखनाच्या शेजारी बसण्याचा मान मात्र त्याला मिळालेला नाही.

याचे एक कारण आपल्या उष्ट्या-खरकट्याच्या कल्पनेत आहे. पाटीवर सरस्वती काढून ज्यांचे शिक्षण सुरू झाले, पुस्तकाला पाय लागला तर ज्यांचा हात आपोआप कपाळाकडे जातो, त्यांना लेखणी आणि तोंड यांमध्ये ये-जा करणारा हात खटकणारच. त्यातून उजव्या हातात लेखणी असल्यामुळे खाण्याचे काम डाव्याकडे येते. उष्टे आणि तेही डाव्या हाताने! आमच्या पिढीतील कितीतरी लिहिती माणसे चमच्याने चिवडा खात लिहीत. वरकरणी कारण तेलाचे, खरे कारण आजीचे. आणि तरीही परंपरेचे आतले मत इतके कठोर नसावे, अशी शंका यायला जागा आहे. सारे जग व्यासांचे उष्टे आहे, असे म्हणणाऱ्या परंपरेने निदान एका लेखकाने तरी जेवून घेतले होते, हे मान्यच केले आहे. त्या व्यासांचा लेखनिक तर मोदकप्रिय. मूर्तिकारांनी त्याच्या एका हातात मोडलेला दात दिला आणि दुसऱ्या हातात मोदक. गणपतीने महाभारत उतरवून घेतल्याची कथा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेत धरलेली नाही, ती मागाहूनची मानली जाते; पण तिची रचना मार्मिक आहे. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट, आणि अर्थ समजल्यावाचून लिहू नये ही व्यासांची. व्यास मध्येच एखादा कूटश्लोक घालत, त्याचा अर्थ लावण्यात लेखनिक क्षणभर गुंते, आणि तेवढ्यात पुढची रचना होई. लेखन चालू राहावे म्हणून त्यात मुद्दाम पेरलेला हा आखूड थांबा आहे. कथेत मोदकाचा उल्लेख नाही. मला तो तेथे, कूटश्लोकाच्या जागी, दिसतो.

दुसरे कारण आपल्यासारख्या दूर वसलेल्या मराठी कुटुंबांना अधिक जवळचे आहे. वाटीतल्या वस्तूला छापील मराठीत काय म्हणावयाचे? पुण्याचे चुरमुरे मुंबईला कुरमुरे होतात, वऱ्हाडात मुरमुरे, बडोद्याच्या बाजारात ममरा, आणि आमच्या माळव्यात परमल. आम्ही ‘परमल’ खातो आणि ‘चुरमुरे’ लिहितो. माझ्याच एका ललित लेखातील परमल एका नियतकालिकाच्या संपादकांनी खोडून तेथे चुरमुरे घातले होते, आणि लेख छापून आल्यावर तो परिच्छेद मला दुसऱ्याच कोणाच्या घरातला वाटला. त्यांचा हेतू वाचकाच्या सोयीचा होता, याविषयी शंका नाही. परंतु चार-पाच पिढ्या नर्मदेच्या उत्तरेला काढलेल्या घराची मराठी वाटीपाशीच पकडली जाते. नाटके, नमस्कार, मंगलाष्टके आम्ही इकडून तिकडून शुद्ध राखली. बाजारातून रोज येणारी पुडी मात्र स्थानिक नाव घेऊनच घरात शिरते. लेखनातून ती पुडी वगळली की प्रमाण भाषा साधते आणि लिहिणाऱ्याचे गाव पुसले जाते. मला हा सौदा महाग वाटतो. ‘परमल’ला तळटीप देता येते, वाचक एवढा आळशी नसतो.

तिसरे कारण अधिक अवघड आहे. वाटी कोण भरते? लेखकाच्या मेजावर ती आपोआप उगवत नाही. दाणे कोणी भाजलेले असतात, पाखडलेले असतात, आणि लिहिणाऱ्याचे लक्ष ढळू नये म्हणून पावलांचा आवाज न करता आणून ठेवलेले असतात. चरित्रकाराच्या मौनाचा काही भाग येथे आहे, असे मी मानतो. चहाची किटली आणि विडीचे बंडल लेखकाच्या व्यक्तिमत्त्वात जमा होते. वाटीची नोंद करायची तर दुसऱ्या एका माणसाचा दिवस नोंदवावा लागतो. एकाग्रता ही एकट्या मनाची शक्ती आहे, या समजुतीला त्याने तडा जातो. कोणाच्या तरी खंडित दुपारीवर दुसऱ्या कोणाची अखंड दुपार उभी असते.

या बाजूने पाहिले की मराठीतील सर्वांत मोठी रचनापरंपरा वेगळीच दिसू लागते. जात्यावरच्या ओव्या हे चाळ्याच्या सोबतीने झालेल्या निर्मितीचे अस्सल देशी उदाहरण आहे. तेथे खुंटा फिरवण्यात हात गुंतलेला, दुसरा हात मुठीमुठीने दाणे टाकणारा, आणि तोंड मोकळे. लिहिणाऱ्याच्या मेजावर हे नेमके उलटे झाले. तोंडाला दाणे मिळाले आणि हात शब्दांसाठी मोकळा झाला. दोन्हीकडे दाणेच, दोन्हीकडे एक इंद्रिय कामाला लावून दुसरे सोडवलेले. फरक इतकाच की जात्यावरचा चाळा हा चाळा नव्हता, ते घरच्या भाकरीचे पीठ होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, त्या बहुतांशी पिठाच्या गिरण्यांनी घरोघरची जाती थांबवल्यानंतर. त्या बायकांना आठवून आठवून गावे लागले, आणि जात्याला हात लागताच विसरलेल्या ओव्या परत येत, यात नवल नाही. ज्या हालचालीच्या आश्रयाने रचना झाली होती, तिच्याशिवाय ती कशी सापडावी? अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरी याच श्रमांच्या लयीत रचत गेल्या. सोपानदेवांनी ती रचना १९५२ साली पुस्तकरूपाने आणली, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. तिला लेखन म्हणावे की नाही यावर आपण चर्चा करीत बसतो. तिच्या एकाग्रतेविषयी मात्र फारसे कोणी लिहिलेले नाही, कारण एकाग्रतेसाठी बंद खोली आणि शांतता लागते असे आपण गृहीत धरलेले असते.

पुढे बायका मेजाशी बसून लिहू लागल्या, तेव्हा त्यांच्या बाजूला वाटी असे काय? असलीच तर ती स्वतः उठून, दाणे भाजून, गॅस बंद केला ना याची खात्री करून आणलेली असे; म्हणजे जो व्यत्यय टाळण्यासाठी वाटी हवी, तोच वाटीची किंमत म्हणून आधी मोजावा लागे. या दृष्टीने ख्रिस्तीच्या त्या विसरभोळ्या श्रीमती ऑलिव्हर पुन्हा एकदा पाहण्यासारख्या आहेत. त्यांची सफरचंदे त्या स्वतः आणतात, पिशवीने आणतात, आणि आल्या आल्या ती पिशवी फुटून सफरचंदे उतारावरून घरंगळत जातात. पॉयरो गाल पुसत उभा असतो. त्यांचे लक्ष सफरचंदांकडे असते.